न पुसलेली खोली

दार उघडल्या उघडल्या सिस्टरच्या नाकाने निकाल देऊन टाकला. डांबरगोळ्या, ओली गादी, आणि या दोन्हींच्या खाली दबा धरून बसलेली मुतारी. तेहेतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईचं नाक ते. त्याला फसवायला डांबरगोळी काय पुरी पडणार?

"शी!" सिस्टर उंबऱ्यातच थांबल्या. "अहो, इथे माणसं राहतात?"

"राहतात की," नवरा म्हणाला आणि दोन्ही पिशव्या घेऊन खुशाल आत गेला.

खोली नंबर सात. पलंगावरच्या चादरीवर चहाच्या रंगाचं एक बेट होतं, धुऊन धुऊन फिकं झालेलं, पण किनारा शाबूत. उशी तेलाने अशी चकाकत होती की वाकून भांग पाडावा. पडद्याची खालची कड काळी कुळकुळीत, कारण जो तो जाता जाता हात तिथेच पुसत असणार. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि आता ती पिशवीच रिमोटपेक्षा चिकट. न्हाणीघरात तर सिस्टरनी फक्त मान घातली आणि परत काढली. मगाला आतून हिरवी साय. जाळीवर केसांचा बोळा. बेसिनच्या आरशावर पन्नास जणांच्या टूथपेस्टचे शिंतोडे. आणि साबणदाणीत साबणाची एक चपटी चकती, तिच्यात रुतलेला एक कुरळा केस. तो केस कुठला असावा याचा विचार मनात आला आणि सिस्टरनी न्हाणीघराचं दार ओढून घेतलं.

त्यांनी सवयीने पर्समध्ये हात घातला. पर्समध्ये फडकं नव्हतं. फडकं असणार नव्हतंच, तीच तर अट होती.

अट घातली होती लेकीने. लेक याच जुन्या पेठेत राहायची, घड्याळाच्या मनोऱ्यामागे, एका घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. दीड महिन्यापूर्वी तिला मुलगी झाली होती. पहिल्या तारखेला तिची रजा संपत होती, लायब्ररीतली नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती. बाळ कुणाकडे ठेवायचं, पाळणाघरात की आजीकडे, हा प्रश्न होता. दुसऱ्या कुठल्याही घरात हा प्रश्नच पडला नसता. निवृत्त झालेली, हातीपायी धड असलेली सख्खी आजी, तीही सिस्टर! पण ही आजी म्हणजे फिनेल होती.

फिनेल हे नाव हॉस्पिटलने ठेवलेलं. मोठमोठे सर्जन थिएटरच्या दारातून आत शिरले की सिस्टर नमस्कार-चमत्कार न करता एकच विचारायच्या, "हात धुतले?" भले भले वरमून परत बेसिनकडे वळायचे. यात सिस्टरचं काही चुकत होतं असं कुणीच म्हणणार नाही. पंचाईत एवढीच की हा प्रश्न त्या संध्याकाळी घरी घेऊन यायच्या. नवरा दारात, "हात धुतले?" पोरगी शाळेतून रडत आली, "हात धुतलेस?" गेल्या खेपेला सिस्टर लेकीकडे राहायला आल्या, सातवा महिना चालू होता, तेव्हा त्यांनी दोन दिवसांत स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे करून उकळले आणि जावयाचा टॉवेल त्याच्यादेखत हुंगून बादलीत टाकला. जावई बिचारा मऊ माणूस. तो मित्राकडे जाऊन राहिला, तो तीन दिवस आलाच नाही.

आणि मग तो फोन. लेक दवाखान्यातून बोलत होती, रडत-हसत. "आई, मुलगी झाली." सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांनी हात धुतलेत ना?"

पलीकडून फोन बंद झाला. तेव्हापासून सिस्टरनी नातीला पाहिलं ते मोबाइलच्या काचेतून. नवऱ्याला मात्र मुभा होती, तो दोनदा जाऊन मांडीवर घेऊन आला होता, आणि दोन्ही वेळा परत आल्यावर सिस्टरनी त्याच्या शर्टाचा खांदा नाकाशी धरला होता. वास बाळाचाच होता. तेवढा एक शर्ट त्यांनी धुतला नाही.

शेवटी लेकीने तोड काढली. "आई, पेठेतल्या एका गेस्टहाउसमध्ये दोन दिवस राहून दाखव. शुक्रवार दुपार ते रविवार दुपार. पुसायचं नाही, झटकायचं नाही, घासायचं नाही, आणि कुणाला घासायला सांगायचंही नाही. बाबा साक्षीदार. रविवारी मी बाळाला घेऊन खोली बघायला येईन. जशी होती तशी दिसली, तर तिथूनच माझ्याकडे राहायला चल. नाहीतर पाळणाघर."

सिस्टरच्या बॅगेतून नवऱ्याने निघतानाच फिनेलची बाटली, रबरी मोजे, दोन फडकी, ब्रश आणि घरची चादर काढून ठेवली. कागदी साबणाचं चिमुकलं पाकीट तेवढं पर्सच्या चोरकप्प्यात राहिलं. ते काही खोली पुसायला नव्हतं, त्यामुळे सिस्टरच्या हिशेबी ती लबाडी नव्हती.

शुक्रवारचा दिवस त्यांनी खिडकीशी उभं राहून काढला, कारण बसण्यासारखी जागा म्हणजे पलंग आणि खुर्ची, आणि खुर्चीच्या सीटखाली हात लावताच बोटाला कुणाचं तरी च्युइंगगम लागलं होतं. खाली पेठ नुसती उसळत होती. वेशीच्या दगडी कमानीतून स्कूटरी, हातगाड्या, झेंडा उंच धरलेला वाटाड्या आणि त्याच्यामागे माना वर करून चालणारे पाहुणे. चारशे वर्षांची कमान म्हणे. सिस्टरना दिसलं ते एवढंच की कमानीच्या कोपऱ्यात एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि तो गेल्यावर त्याच जागेला टेकून दुसरा माणूस घसा खरवडून पचकन थुंकला. पाहुणे त्याच्या डोक्यावरूनच कमानीचे फोटो काढत होते.

पण त्याच खिडकीतून, मनोऱ्याच्या डाव्या अंगाला, लेकीची गॅलरी दिसत होती. दोरीवर दुपटी आणि लंगोट वाळत होते. सिस्टरनी डोळे बारीक करून पाहिलं. प्रत्येक लंगोट उलटा करून टाकलेला, टोकाला टोक जुळवलेलं, दोन चिमट्यांमधलं अंतर सारखं. "बरं टाकते हो वाळत," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पण खालून धूळ केवढी उडते, आत घ्यायला हवेत ते आता." आणि पाचच मिनिटांत लेक गॅलरीत आली, एकेक लंगोट दोनदा झटकून आत घेऊन गेली. तिच्या खांद्यावर एक गाठोडं होतं. ते गाठोडं हललं. सिस्टरनी खिडकीची कड घट्ट धरली, आणि मग बोटांना काय लागलं ते बघून सोडून दिली.

रात्र कशी गेली ते विचारू नये. त्या पिशवी उशाशी घेऊन, आपल्याच शालीत पार्सलासारख्या गुंडाळून पडल्या. नवरा मात्र त्या उशीवर डोकं ठेवून ढाराढूर.

खटकायला लागलं ते शनिवारी सकाळी. न्हाणीघराचं दार अडकलं होतं. सिस्टर ढकलत होत्या. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "खांद्याने जरा उचल, मग ढकल." दार उघडलं. मग गरम पाणी येईना, तर तो म्हणाला, "आधी बेसिनचा नळ सोड, मग तिकडे येतं." दिव्याचं बटण कपाटाच्या मागे होतं, जिथे ते शोधून सापडलं नसतं, आणि नवऱ्याचा हात काल आल्या आल्या न बघता तिथे गेला होता. थिएटरमध्ये कोणत्या डॉक्टरचा हात कोणत्या कात्रीकडे जाणार हे सिस्टरना आधी कळायचं. सवयीचा हात त्यांना ओळखता येत होता.

"हे गेस्टहाउस पोरीला कुणी सुचवलं?"

"मी," नवरा म्हणाला. "जवळ पडतं ना तिला." आणि चपला सरकवून तो जुन्या ओळखीच्या दुकानदारांना भेटायला म्हणून सटकला.

नवरा चष्म्याच्या फ्रेमांचा फिरता विक्रेता होता. बावीस वर्षं, दर महिन्याला दोन दिवस, फ्रेमांची पेटी घेऊन तो या शहरात यायचा. राहायचा कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये. पांढऱ्या चादरी, रोज बदलतात, असं त्याने सांगितलं होतं. तरीही तो परत आला की बूट जिन्यात, पेटी गॅलरीत, कपडे थेट बादलीत आणि माणूस थेट न्हाणीघरात, अशी सिस्टरची शिस्त होती. आंघोळ झाल्याशिवाय बोलायचं नाही.

दुपारी खोलीत बसवेना म्हणून सिस्टर खाली मालकाच्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. मालक म्हणजे कानावर पेन खोचलेला, ढेरीवर बनियन ताणलेला एक म्हातारा. बनियन कधीकाळी पांढरं असावं. त्याने एक जाडजूड वही पुढे सरकवली. "ताई, लिहा ना दोन शब्द. आम्ही सगळ्यांकडून लिहून घेतो."

अटीत लिहिण्याला बंदी नव्हती. सिस्टरना हुरूप आला. मगाच्या हिरव्या सायीपासून सुरू करावं की साबणापासून, असा विचार करत त्या कोरं पान शोधायला लागल्या, आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. उजवीकडे कललेलं, शेवटचं अक्षर ओढत नेणारं ते अक्षर रोज दूधवाल्याच्या चिठ्ठीवर दिसायचं.

"खोली सात. दोन दिवस. निवांत."

पुढच्या महिन्यात पुन्हा. "खोली सात. पलंगावर बसून चहा प्यालो." पुन्हा. "खोली सात. बिस्किटं खाल्ली, चुरा तसाच ठेवला." पुन्हा. "बूट घालून लोळलो. मजा आली."

"जुन्या वह्या आहेत?" सिस्टरनी विचारलं.

जुन्या वह्या टेबलाच्या एका तुटक्या पायाखाली होत्या. मालकाने तिथे वीट सरकवली आणि धूळ न झटकता त्या काढून दिल्या. वह्यांतून चंदेरी किडे पळाले. सिस्टरनी त्या हातात घेतल्या. किडे बोटांवरून गेले तरी त्या पानं उलटत राहिल्या. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की बाई निघणार. खरं सांगायचं तर त्या बाईच शोधत होत्या. बाई निघाली असती तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, माहेरच्यांना सांगता आलं असतं. बाई नव्हती. बावीस वर्षं नवरा इथे येऊन कुणाबरोबर राहत होता, तर बायको नसण्याबरोबर.

आणि एका वहीत, मधोमध: "आई गेल्याचा फोन इथेच आला. तसाच बसून रडून घेतलं. मग घरी निघालो."

तो दिवस सिस्टरना आठवला. नवरा कोरड्या डोळ्यांनी दारात उभा होता. त्यांनी पाणी तापवून ठेवलं होतं. "आधी आंघोळ करून या," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो गेला होता.

संध्याकाळी नवरा परतला तेव्हा सिस्टर पलंगाच्या कडेला, त्या चहाच्या बेटाशेजारी बसल्या होत्या. वह्या मांडीवर. नवऱ्याने वह्या पाहिल्या, आणि पेटी उघडी पडल्यासारखा तो दारातच उभा राहिला.

"घाण आवडते तुम्हाला?" सिस्टरनी विचारलं.

"नाही गं. ती उशी मलाही नको वाटते. त्या साबणाला मी कधी हात लावला नाही, आपला घेऊन यायचो."

"मग?"

"मग काही नाही."

"बावीस वर्षं मला पांढऱ्या चादरी सांगितल्यात. मग काही नाही?"

नवरा च्युइंगगमच्या खुर्चीवर टेकला. त्याने चपलेने फरशीवरचा एक डाग घासला. "मी जिना चढून आलो ना," तो म्हणाला, "की हा म्हातारा मान वर करून म्हणतो, 'आलात?' बस. एवढंच म्हणतो. 'आलात?' ते ऐकायला बरं वाटतं गं."

सिस्टरना राग आला होता, नवऱ्याचा, त्या ढेरपोट्या म्हाताऱ्याचा, त्याच्या बनियनचा. एवढ्या राबून घर आरशासारखं ठेवलं, आणि नवऱ्याला घरी आल्यासारखं वाटायचं ते कुठे, तर या उकिरड्यात! त्यांना स्वतःचीही किळस आली. ती चादरीच्या किळसेपेक्षा वेगळी होती, तिला फडकं चालत नव्हतं.

रविवारी सकाळी कागदी साबणाचं शेवटचं पान संपलं. सिस्टर खिडकीशी उभ्या राहून ओठ हलवत होत्या. "आलीस?" त्या हळूच म्हणत होत्या. "आलीस? ये." पहिला सूर थिएटरमधला लागला. दुसरा जरा बरा. नवरा वर्तमानपत्राआडून ऐकत होता, पण त्याने पान हलू दिलं नाही.

बाराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. लेक दारात उभी राहिली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी, डोळे खोलीभर फिरणारे. तिने उशी पाहिली. आरशावरचे शिंतोडे पाहिले. वाकून मगाची हिरवी साय पाहिली आणि नाक मुरडलं. सगळं जसंच्या तसं होतं. आई जिंकली होती.

"आलीस?" सिस्टर म्हणाल्या. अगदी हवा तसा सूर लागला. दोन्ही हात पुढे करून त्या दोन पावलं चालून गेल्या. "ये. आण तिला इकडे."

लेकीने बाळ झटकन मागे घेतलं.

"थांब, थांब. हात धुतलेस?"

खाली वेशीत एक स्कूटर अडकून भोंगा वाजवत होती. लेकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. शब्द तोंडातून निघून गेले होते, तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात, आणि तो आवाज तिला लहानपणापासून ओळखीचा होता.

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "खाली सांगून ठेवतो मालकांना," तो म्हणाला. "सात नंबर जावईबापूंसाठी धरून ठेवा म्हणावं."

"बाबा!" लेक म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

सिस्टर हसल्या नाहीत. दोन दिवसांपूर्वी त्यांनी हे वाक्य लेकीला आयुष्यभर ऐकवलं असतं. आता त्यांना एकच वाटलं, भीती. दोरीवरचे ते सारख्या अंतराचे चिमटे त्यांना आठवले, त्यांचं आपण कौतुक केलं होतं.

"जावई संध्याकाळी घरी आले," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "की तू पहिलं काय म्हणतेस गं त्यांना?"

लेक बाळाच्या दुपट्याचं टोक टोकाला जुळवत राहिली. सिस्टरनी पुन्हा विचारलं नाही.

त्या न्हाणीघराकडे वळल्या. दार खांद्याने जरा उचललं आणि ढकललं. बेसिनचा नळ सोडला. पर्स चाचपायचं कारण नव्हतं, कागदी साबण संपला होता. साबणदाणीत ती चकती होती, केसासकट. सिस्टरनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि ती उचलली. बुळबुळीत, कोमट, कुणाकुणाच्या अंगावरून फिरून आलेली. त्यांनी फेस केला, मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, तेहेतीस वर्षं करत आल्या तसा. केस करंगळीला चिकटला. तो त्यांनी दुसऱ्या हाताने सोडवून काढला आणि वाहत्या पाण्यात टाकला. टॉवेलला हात न लावता त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या.

लेकीने बाळ त्यांच्या हातांत दिलं. सिस्टरच्या बोटांना त्या घाणेरड्या साबणाचा स्वस्त वास येत होता, आणि बाळाने पहिल्यांदा हुंगलं ते तेच. त्याने तोंड वाकडं केलं, अगदी आजीसारखं. सिस्टर खाली वाकल्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या.